पेटीवरचा १८० नेमका कुठल्या वायरचा?

पत्र: दादा, नमस्कार. मी डिचोलीची, वय २३. वेर्ण्याला नोकरी करते, कंपनीच्या बसने ये-जा. माझ्याकडे असेंबल केलेला पीसी आहे, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. त्याला जोडलाय मात्र ऑफिसात असतो तसला जुना २१ इंची मॉनिटर. धाकटा भाऊ साखळीला कॉलेजात आहे. त्याने मावसभावाकडून वापरलेला पीएस५ कन्सोल घेतलाय, पण हॉलमधल्या टीव्हीवर दहापर्यंत आईच्या मालिका आणि त्यानंतर बाबांच्या बातम्या. म्हणून माझ्या खोलीत दोघांत मिळून एकच मॉनिटर घ्यायचं ठरलंय. माझे १२ हजार, त्याचे ६. मी मुख्यतः व्हॅलोरंट खेळते, सुट्टीत एखादा मोठा गोष्टीवाला गेम. तो एफसी हा फुटबॉलचा गेम आणि जीटीए. शनिवारी काकांची पोरं येतात, मग चौघे खाटेवर बसून फुटबॉल. म्हापशाच्या एका दुकानदाराने २७ इंची वक्र मॉनिटर दाखवला, फुल एचडी, १६५ हर्ट्झ, साडेबारा हजार. भावाला ४के हवा, कारण पीएस५ ४के आहे. तो ६० हर्ट्झचा १८ हजारांत मिळतोय. मला वाटतं २४ इंची, १८० हर्ट्झचा, १० हजारांचा पुरेल. ऑनलाईन २७ इंची १४४०पीचाही दिसला, १८० हर्ट्झ, १७ हजार. पण भावाचा मित्र म्हणतो पीएस५ १४४०पी देतच नाही. आणि जीएसटी कमी झालाय म्हणतात, त्यावर दुकानदार अजून उतरेल का? चवथीच्या आधी घ्यायचाय. भांडण मिटवा.

— खोलीची मालकीण, डिचोली

निकाल आधीच सांगतो, म्हणजे गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला जायचं असेल तर इथूनच उठता येईल. १७ हजारांचा १४४०पी, म्हणजे फुल एचडी आणि ४के यांच्या मधला, घ्या. पण पैसे भरण्याआधी त्या मॉडेलच्या माहितीत एक ओळ शोधा: एचडीएमआयच्या वायरीवर १४४०पी किती हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला किती चित्रांनी, चालतो. तिथे १२० किंवा १४४ लिहिलेलं असेल तर बिनधास्त घ्या. ६० किंवा ७५ असेल, किंवा ती ओळच कुठे सापडत नसेल, तर त्याच किमतीतलं दुसरं मॉडेल बघा. तसं एकही मिळालं नाही, तर तू म्हणतेस तो २४ इंची, आणि उरलेल्या सात-आठ हजारांत यूपीएस आणि स्पीकर.

आता त्या ओळीबद्दल. पेटीवर ठळक अक्षरांत १८० छापलेलं असतं, तो आकडा बऱ्याचदा डिस्प्लेपोर्ट नावाच्या दुसऱ्या वायरीचा असतो. तुझ्या ग्राफिक्स कार्डाला डिस्प्लेपोर्ट आहे, तुला तो पुरेपूर मिळेल. पीएस५च्या पाठीमागे मात्र चित्र बाहेर काढायला एकच जागा, एचडीएमआयची. म्हणजे मॉनिटर एक, त्याला दारं दोन, आणि दोन्ही दारं सारखी रुंद असतीलच असं नाही. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात. तेवढ्यात १४४०पी १२० हर्ट्झ आरामात बसतं. जुना १.४ असेल तर १४४०पीला साधारण ६० ते ७५ला दम लागतो. स्वस्त मॉनिटरमध्ये काटकसर होते ती अशाच कोपऱ्यात, जिथे दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही.

आणि 'एचडीएमआय २.१' असं लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नका. २.१ मधल्या बऱ्याचशा सोयी ऐच्छिक आहेत. एखादी कंपनी २.० एवढ्याच ताकदीच्या पोर्टवरही २.१ छापू शकते. म्हणून दुकानात 'किती पॉइंट किती' हे विचारूच नये. विचारायचं ते एवढंच: 'एचडीएमआयने लावला तर १४४०पी १२० येणार का?' दुकानदार 'हो हो, सगळं येतं' म्हणाला, तर त्याच्याच मोबाईलवर कंपनीचं पान उघडून दाखवायला सांगा.

हे मी एवढं कळकळीने सांगतोय, कारण मी पोळलोय. २०२१ साली पणजीत एका दुकानातून मी नेमका तुला दाखवलाय त्याच जातीचा मॉनिटर आणला: २७ इंची, वक्र, फुल एचडी, व्हीए पॅनल, पाठीवर लाल पट्टे. दुकानात त्याच्यावर समुद्राचा निळाशार व्हिडिओ चालू होता आणि मी विरघळलो. घरी आणून रात्रीच्या प्रसंगातला एक गेम लावला. काळी गाडी अंधाऱ्या रस्त्यावरून वळली की तिच्या मागे राखाडी फराटा उमटायचा. शाळेत पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर मागे पट्टा राहायचा, अगदी तसा. आधी वाटलं गेमच तसा आहे. मग वाटलं डोळ्यांना चष्मा लागला. तो व्हीएचा गुणधर्म निघाला. व्हीएत काळा रंग खरोखर काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या घरात असतो, आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनलचा साधारण १०००:१. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यावरून करड्यावर जायला पिक्सेलला वेळ लागतो आणि हलत्या चित्रात तो वेळ दिसतो. दिवसाउजेडातल्या फुटबॉलला ते फारसं जाणवणार नाही. व्हॅलोरंटमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यातून कोणी बाहेर आला की जाणवेल. पेटीवर '१ मिलिसेकंद' लिहिलेलं होतंच. त्यापुढे बारीक अक्षरांत 'एमपीआरटी' असतं, म्हणजे मागचा दिवा फडफडवून मोजलेला वेळ. पिक्सेल खरोखर किती लवकर बदलतो त्याचा तो आकडा नव्हे.

दुसरं त्या वक्र मॉनिटरचं. २७ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ ठिपके. २४ इंचांवर तेच ९२ होतात, २७ इंचांवर १४४०पी असेल तर १०९. आकडे सोडून दे. माझ्या त्या मॉनिटरवर मी मराठी मजकूर वाचायचो तेव्हा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळायचे. अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार आहे की धुळीचा कण, हे बोट फिरवून बघायचं. तू दिवसभर नोकरीत स्क्रीन बघून येणार आणि घरी पुन्हा असल्या अक्षरांशी झटणार, हे नको. शिवाय वक्र पडदा एका माणसाने मधोमध बसून बघायचा. तुझ्याकडे शनिवारी खाटेवर चौघे. टोकाला बसलेल्याला व्हीएवर रंग धुतल्यासारखे दिसतील आणि गोल खाल्ला की तो मॉनिटरवर ढकलेल. आयपीएस बाजूने बघितलं तरी फारसं बदलत नाही. तुमच्या घरासाठी माझ्या मते हाच आयपीएसचा सगळ्यात मोठा गुण.

भावाच्या मित्राचं म्हणणं खोटं नाही, शिळं आहे. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा तो १०८०पी आणि ४के एवढंच ओळखायचा, मधलं १४४०पी त्याला माहीतच नव्हतं. तेव्हा असा मॉनिटर घेतलेल्यांनी बरीच चिडचिड केली. सप्टेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये सोनीने ते आणलं. मावसभावाने अपडेट टाकले नसतील तर आधी ते टाका, मग सेटिंगमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ, त्यात व्हिडिओ आउटपुट, तिथे १४४०पी तपासून बघायची वेगळी सोय आहे. पडद्यावर चित्र आलं आणि त्याने 'दिसतंय का' विचारलं की झालं. ही चाचणी नापास झाली तर पीएस५ १०८०पी पाठवेल आणि मॉनिटर ते ताणून १४४०पीत बसवेल. हा ताण नेमका दुप्पट नसतो, एक पूर्णांक एक तृतीयांश पट असतो, म्हणून कडा मऊ पडतात. (पीएस५ ऐवजी पीएस४ असता तर मी १४४०पी सुचवलाच नसता, कारण पीएस४ला तो आजही येत नाही. एक्सबॉक्सवाल्यांना ही कटकट कधी फारशी नव्हती.)

आता भावाची बाजू, कारण तो सहा हजार घालतोय आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पीएस५ एकटाच असता, तर ६० हर्ट्झचा ४के मॉनिटर ही वाईट निवड नव्हती. एफसी कन्सोलवर ६० फ्रेमनेच चालतो, जीटीए ५ पीएस५वर परफॉर्मन्स मोडमध्ये ६०. त्याला १२०चा उपयोग होतो तो फोर्टनाईट, वॉरझोन, एपेक्स लेजंड्स अशांसाठी, आणि ते तो खेळत नाही. पण ४केमध्ये ८३ लाख पिक्सेल असतात, १४४०पीत ३७ लाख, फुल एचडीत २१ लाख. आरएक्स ६६०० हे मुळात फुल एचडीचं कार्ड. १४४०पीत ते मोठ्या गेममध्ये सेटिंग मध्यमवर आणून किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारी सोय) लावून धकवून नेतं, ४केत मात्र तुझ्या पीसीची अवस्था चढावर भरलेल्या कदंबा बससारखी होईल. आणि व्हॅलोरंट ६० हर्ट्झवर खेळायचा तर तुझा जुना मॉनिटर काय वाईट आहे? ६०ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर बसून राहतं, १८०ला ५.६. हा फरक तुला पहिल्याच संध्याकाळी माऊस फिरवताना हातात कळेल. भावाला ४के आणि १४४०पीतला फरक खाटेवरून, पाच फुटांवरून, २७ इंचांवर ओळखून दाखवायला सांग. ओळखला तर त्याचे सहा हजार परत कर.

तुझ्या २४ इंचीबद्दल माझी एकच तक्रार आहे, तीही खाटेची. टेबलाशी दोन फुटांवर बसणाऱ्याला २४ इंच फुल एचडी उत्तम. मी एकट्या व्हॅलोरंटवालीला दुसरं काही सुचवणारच नाही; हलका गेम, फुल एचडी, जास्तीत जास्त फ्रेम. पण खाटेवरून एफसीमधला खालचा छोटा रडार २४ इंचांवर दिसत नाही आणि मग पोरं पुढे सरकत सरकत तुझ्या खुर्चीवर येऊन बसतात. व्हॅलोरंट तसाही हलका असल्याने तुझं कार्ड १४४०पीतही १८० फ्रेम ओलांडेल, तिथे तुझं काही जात नाही. जातं ते मोठ्या गेममध्ये थोडं. तेवढं तू भावासाठी सोसावंस असं मला वाटतं. नाहीतरी खोली तुझी आहे, वेळापत्रक तूच लावणार. (पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, ८० मिलिसेकंद असेल तर मात्र जगातला कुठलाही मॉनिटर तुला वाचवणार नाही. तो विषय इंटरनेटवाल्याशी.)

फ्रीसिंकबद्दल पत्रात विचारलेलं नाही, पण दुकानदार सांगेलच, म्हणून दोन शब्द. कार्ड जितक्या फ्रेम देतं तितक्याच वेळा पडदा ताजा होतो, त्यामुळे चित्र मधून फाटल्यासारखं दिसत नाही. तुझं कार्ड एएमडीचं आहे, तुला हे चालेल, आणि मोठ्या गेममध्ये फ्रेम ४५ ते ६०च्या मध्ये हेलकावे खात असतील तेव्हा खरा उपयोग होईल. पीएस५ला फ्रीसिंक कळत नाही. तो फक्त एचडीएमआयची स्वतःची तशीच सोय, व्हीआरआर, ओळखतो, तीही ४८ ते १२० हर्ट्झमध्ये, आणि या किमतीत ती क्वचित मिळते. भावाने त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नयेत. एफसी ६०वर ठाम असतो, त्याला फरक पडत नाही. एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवणाऱ्या सोयीचं, तर नावच काढू नका. २५०-३०० निट एवढ्याच उजेडाच्या पडद्यावर 'एचडीआर१०' म्हणजे मॉनिटर तो सिग्नल गिळतो एवढंच. चित्र उलट फिकट दिसतं. पीएस५मध्ये ते बंद करून टाका.

नवीन मॉनिटर आला, पीएस५ लावला, चित्र झकास, आणि आवाज नाही! दर महिन्याला मला असं एक तरी पत्र येतं. या किमतीतल्या बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात. पीएस५ला ऑप्टिकल आउटपुटही नाही आणि मागे हेडफोनची पिनही नाही. ती आहे कंट्रोलरच्या खाली, एका माणसापुरती. चौघांना ऐकायचं तर मॉनिटरच्या मागे ३.५ मिमीचा ऑडिओ आउट आहे का बघा. असला की घरात पडलेले जुने कॉम्प्युटर स्पीकर तिथे लावा. आवाज एचडीएमआयबरोबरही येतो आणि डिस्प्लेपोर्टबरोबरही, त्यामुळे मॉनिटरवर इनपुट बदललं की स्पीकर आपोआप त्या त्या मशीनचे होतात. वायरी काढा-घाला नको. ही पिन नसलेला मॉनिटर मी तुमच्यासाठी बाद धरतो.

जोडताना दोन चुका सगळे करतात. पहिली, डिस्प्लेपोर्टची वायर मदरबोर्डला लावतात. तुझ्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाहीत, तिथे लावलीस तर पडदा काळाच राहील आणि तू मॉनिटर बंद पडला म्हणून दुकानात फोन करशील. खाली ग्राफिक्स कार्डाला लाव. दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती सांगायला मला लाज वाटते: विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदलावा लागतो. सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे १८० निवडायचा. मी तो लाल पट्ट्यांचा मॉनिटर तीन महिने ६०वर चालवून मित्रांना '१६५ म्हणजे काय चीज आहे' हे समजावून सांगत होतो. डिस्प्लेपोर्टची वायर पेटीत आहे का तेही बघून घे, काही पेट्यांत फक्त एचडीएमआयची असते. पीएस५ला त्याच्या पेटीत आलेलीच वायर लावा. मावसभावाने ती टीव्हीमागे ठेवून घेतली असेल तर मागून आणा.

मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राईव्ह म्हणून एक सेटिंग असतं, नाव प्रत्येक कंपनी वेगळं देते. ते सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊ नका. पिक्सेलला इतकं दामटलं जातं की हलत्या वस्तूच्या मागे उजळ सावली दिसू लागते. मधली पायरी पुरे.

डिचोलीच्या पावसाबद्दल तुला मी काय सांगणार. पण मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाच्या गडगडाटात भिंतीतला प्लग उपटून ठेवायची सवय दोघांनाही लागली पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची वायर पीसीत असेल तर तीही काढायची. तुझ्या बजेटमधले जे हजार उरतायत त्यात अजून थोडे घालून ६०० व्हीएचा यूपीएस घेतलास तर सोन्याहून पिवळं. मॉनिटर २५-४० वॉट खातो, पीएस५ खेळताना २००च्या आसपास. दोन्ही मिळून अशा यूपीएसवर काही मिनिटं तग धरतात, गेम वाचवून नीट बंद करता येतो. दोन मॉडेलमध्ये अडलीस तर ज्याचा पॉवर अडॅप्टर वायरीवर बाहेर असतो ते निवड. दिसायला गबाळं वाटतं, पण व्होल्टेजने काही जळलंच तर तो अडॅप्टर आधी जातो आणि तो नवा हजारभरात मिळतो. आत बसवलेला जळला तर पूर्ण मॉनिटर खोलावा लागतो.

आणि एक गंमत, जी कुठल्याही पेटीवर लिहिलेली नसते. जुलैच्या संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून खेळत बसलीस की उजेडाकडे बारीक किडे येतात. पडद्यावर बसतात तोवर ठीक, पण तिळाएवढा एखादा कडेच्या फटीतून आत शिरतो आणि काचेच्या मागे, चित्राच्या मधोमध फिरताना दिसतो. पहिल्यांदा वाटतं डेड पिक्सेल आहे, मग तो चालायला लागतो. अशा वेळी बोटाने दाबायचा मोह होतो. दाबलास तर तो तिथेच चिरडतो आणि तो ठिपका कायमचा तुझा. माझ्या भाचीने व्हॅलोरंटच्या मध्यभागी, निशाण्याच्या अगदी शेजारी, असा एक ठेवून घेतलाय. ती म्हणते आता सवय झाली. मॉनिटर बंद कर, दुसऱ्या बाजूला टेबललॅम्प लावून ठेव, रात्रभरात तो बहुतेक स्वतःहून निघून जातो.

जीएसटीचं म्हणशील तर दुकानदाराला त्यावरून धरू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीचा. ३२ इंचांपर्यंतच्या कॉम्प्युटर मॉनिटरवर आधीपासूनच १८ टक्के आहे. धरायचंच असेल तर पक्क्या बिलावरून धर. 'बिल नको तर पाचशे कमी' असं ऐकलंस तर ते पाचशे त्यालाच ठेवू दे. मॉनिटरला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलावर चालते. ऑनलाईन घेणार असशील तर तुमच्या पिनकोडला कंपनीचा माणूस घरी येतो की पडदा तुम्हालाच पणजीला घेऊन जावा लागतो, हे आधी फोन करून विचार. किमतीत हजाराचा फरक असेल आणि दुकानदार स्वतः बदलून द्यायला तयार असेल, तर मी हजार जास्त देईन. ब्रँडबद्दल मुद्दाम बोललो नाही. एलजी, एसर, सॅमसंग, एमएसआय, गिगाबाईट, बेनक्यू, सगळ्यांकडे एकाच नावाखाली चांगली आणि रडकी अशी दोन्ही मॉडेलं आहेत. नावातलं एक अक्षर बदललं की पॅनल बदलतं. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घे आणि बिलावर तोच आलाय का ते जुळव.

चवथीच्या आधीच हवा असा तुझा आग्रह आहे, तेवढा मला पटत नाही. घरात पाहुणे, नेवऱ्या, भजन, त्या पाच दिवसांत खोली तुझी राहणार आहे का? ऑनलाईन सेल चवथ ते दिवाळीच्या दरम्यान येतातच, आणि हाच १७ हजारांचा तेव्हा दीड-दोन हजारांनी उतरला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण पोरांनी शब्द दिलेला असेल तर मी मध्ये पडत नाही.

दुकानातून घेणार असाल तर भावाला पीएस५ पिशवीत घालून बरोबर न्यायला सांग. साडेचार किलोंचं धूड आहे, पण तिथेच लावून १४४०पीची ती चाचणी करून बघितली की वाद संपला. मोबाईलमध्ये पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पाच कोरी चित्रं घेऊन जा, एकेक पडदाभर लावून ठिपके मोज. डेड पिक्सेल एक-दोन असले तर वॉरंटीत कंपनी बदलून देईलच असं नाही, दुकानात उभं असताना मात्र दुसरी पेटी मागता येते. येताना स्कूटरवर दोघांच्या मध्ये पेटी आडवी ठेवून आणू नका, पेटी उभीच पाहिजे. कोणाची तरी गाडी मागा. आणि शुक्रवारी जाऊ नका. म्हापशाचा बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळाली तरी ती दुकानापासून इतकी लांब असेल की २७ इंची पेटी चणे, केळी आणि सुक्या मासळीच्या गर्दीतून डोक्यावर घेऊन यावी लागेल.